सतरा कापडी बिजागऱ्या

आजच्या सभेच्या अध्यक्षा माननीय सुहासिनीताई, आमच्या मॉडेल विमानांच्या क्लबचे प्रेसिडेंट आणि आजचे पाहुणे मिस्टर केन, ज्यांच्यासाठी आपण सगळे रविवारची झोप मोडून इथे जमलो ते सत्कारमूर्ती विश्रामकाका तांबे, त्यांचे चिरंजीव गुरुदत्त, सूनबाई शिवांगी, आणि दारातला क्यूआर कोड स्कॅन करून, लशीचं सर्टिफिकेट दाखवून, मास्क नाकावर ओढून आत आलेल्या सिडनीतल्या या गिरावीनच्या माझ्या बंधुभगिनींनो, आपल्या सगळ्यांना सविनय नमस्कार. आणि काका, तुम्हाला आपला रोजचा जय भीम.

केनला मराठी येत नाही. हृषीकेश शेजारी बसून त्याच्या कानात भाषांतर करतोय. हृषीकेश, क्लबाबद्दल काही बोललो तर तेवढं गाळ, मला पुढच्या शनिवारी मैदानावर जायचंय.

सुहासिनीताईंनी मला दहा मिनिटं दिली आहेत. मी पॅरामॅटाला सरकारी खात्यात नोकरी करतो. आमच्याकडे दहा मिनिटांची मीटिंग किती वेळ चालते हे इथल्या निम्म्या लोकांना ठाऊक आहे, कारण ते त्याच मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून बसलेले असतात. तरीही मी प्रयत्न करतो.

तर, विश्रामकाका परवा मंगळवारी कोल्हापूरला परत निघताहेत. आले होते तीन महिन्यांसाठी, नातीच्या जन्माला. राहिले एक वर्ष अकरा महिने. या काळात त्यांनी काय केलं, असं कुणी विचारलं तर उत्तर तसं सोपं आहे. नात सांभाळली, भाजीचे दोन वाफे केले, आणि माझ्या विमानाला सतरा बिजागऱ्या लावल्या. यातल्या तिसऱ्या कामाबद्दल बोलायला मी उभा आहे. पण त्याआधी एक गोष्ट मला सांगून टाकली पाहिजे. ती मागे ठेवली तर माझी जीभ पुढे चालायची नाही.

मी तांब्यांचा शेजारी. आमच्या दोन बॅकयार्डांत कमरेएवढं लाकडी कुंपण आहे. २०२० च्या मार्चमध्ये काकांचं परतीचं तिकीट एकवीस तारखेचं होतं. नातीचं नाव ठेवायचा कार्यक्रम ठरला होता एकोणतीसला. इकडे सरहद्दी बंद होत चालल्या होत्या. गुरुदत्तने संध्याकाळी कुंपणापाशी येऊन मला विचारलं, काय करावं, तुम्ही गव्हर्न्मेंटमध्ये आहात, तुम्हाला काही कळतंय का. आता मंडळी, मी काम करतो ते लोकांच्या कंप्युटरचे पासवर्ड बदलून द्यायच्या विभागात. सरकार काय करणार हे मला तुमच्याइतकंच, म्हणजे टीव्हीवरून कळतं. पण पंधरा वर्षं इथे काढलेल्या माणसाला ‘मला माहीत नाही’ हे तीन शब्द जमत नाहीत. ही आपल्या सगळ्यांची खोड आहे. नवीन आलेल्याने विचारलं की आपण सांगतोच. मी सांगितलं, दोन आठवड्यांत सगळं सुरळीत होतंय, काकांना नाव ठेवून जाऊ दे. नुसतं सांगून थांबलो नाही. माझा लॅपटॉप कुंपणावर ठेवला आणि माझ्या हाताने तिकिटाची तारीख बदलून पाच एप्रिल केली. काका शेजारी उभे होते. खांद्यावरच्या नातीला थोपटत होते.

पाच एप्रिलला कुठलंच विमान उडालं नाही. नंतर परतीच्या खास विमानांसाठी नाव नोंदवलं, नंबर लागला, दोनदा फ्लाइट रद्द झाली. आणि कोल्हापुरात काकांच्या पत्नी, गंगुबाईकाकू, एकट्या होत्या.

गंगुबाईकाकू आज नाहीत, हे सभेला माहीत आहे. तिकीट कुणी बदललं, हे तांब्यांच्या आणि माझ्या घराबाहेर कुणाला माहीत नव्हतं. तांब्यांच्या घरातून ते कधी बाहेर पडलं नाही, माझ्या तोंडून त्याची माफी कधी बाहेर पडली नाही. आज ती मागायची ठरवून आलोय. पण माफी कुणाची मागतोय, हा माणूस केवढा आहे, हे आधी तुम्हाला कळायला हवं. म्हणून बिजागऱ्या.

मी बाल्सा लाकडाची, रेडिओने उडणारी विमानं बांधतो. पहिल्या लॉकडाउनमध्ये एक दीड मीटर पंखांचं विमान बांधायला घेतलं. नियमसुद्धा दीड मीटरचाच होता, त्यामुळे ते कुंपणावर आडवं धरलं की काकांमधलं आणि माझ्यातलं अंतर कायद्याने बरोबर राहायचं. सांगाडा पुरा व्हायला वर्ष लागलं. माझी बायको भावना म्हणते, खरं विमान एवढ्यात बांधून होतं.

पंखांना आणि शेपटीला मागच्या कडेला हलत्या फळ्या असतात. त्या वळल्या की विमान चढतं, उतरतं, वळतं. या फळ्या जिने जोडतात ती बिजागरी. करंगळीच्या नखाहून थोडी मोठी. ती निखळली किंवा अडकली, की वर्षाची मेहनत तीन सेकंदांत मातीत. एरवी प्लॅस्टिकच्या मिळतात. पण गेल्या एप्रिलमध्ये दुकानांतून संपल्या होत्या आणि माझं पार्सल जगातल्या कुठल्याशा बंदरात विश्रांती घेत होतं. विमानाच्या एका जुन्या आराखड्याच्या कोपऱ्यात वाचलं की पूर्वी लोक या बिजागऱ्या कापडाच्या करत. म्हटलं, नो वरीज. एक जुना शर्ट फाडला, पट्ट्या कापल्या, भरपूर सुपरग्लू ओतला. वाळल्यावर पाहिलं तर पुढची फळी आणि मागची फळी एकजीव झालेली, हलायचं नाव नाही.

काका मयूराला कडेवर घेऊन पलीकडे उभे होते. त्यांनी नात खाली ठेवली, शेपटी मागितली, हळूच वाकवून पाहिली, आणि म्हणाले, “हे रजिस्टर उघडणार नाही.”

काकांनी कोल्हापुरातल्या एका छापखान्यात चौतीस वर्षं बाइंडिंग केलं. शाळांची हजेरीपुस्तकं, वाचनालयांची पुस्तकं, दोन हातांनी उचलावी लागतात अशी रजिस्टरं. पुठ्ठा आणि पाठ यांच्यामधला कापडी सांधा हा त्यांचा हातखंडा. वर्षभर मी त्यांच्याशी हवामान, भाजी आणि रुग्णांचे आकडे बोलत होतो. ज्या माणसाची मला सगळ्यात जास्त गरज होती तो कुंपणाला टेकून उभा होता आणि मी त्याला कधी विचारलंही नव्हतं की तुम्ही आयुष्यभर काय करत होता. आपण आईवडलांना इथे बोलावतो, त्यांना ऑपेरा हाउस दाखवतो, आणि त्यांच्याकडून मूल सांभाळून घेतो. त्यांच्या हातांत काय आहे हे आपल्यापैकी किती जण विचारतात?

दुसऱ्या दिवशी काकांनी कुंपणालगत टेबल मांडलं. माझा शर्ट त्यांनी नापास केला. म्हणाले, कापड शंभरदा धुतलेलं पाहिजे, नाहीतर गोंद आत शिरत नाही. मग वाळत घातलेल्या कपड्यांतून त्यांनी मयूराचा मलमलचा लंगोट उतरवला. शिवांगीने खिडकीतून विचारलं की बाबा, काम झाल्यावर उरलेला परत दोरीवर तर नाही ना ठेवणार. आमच्या विमानाला लागलेलं कापड ते. केन, यू नो नाऊ.

नंतर मी जे पाहिलं ते मला नीट सांगता येईल की नाही, शंका आहे. लंगोटाच्या बोटभर रुंद पट्ट्या, दोऱ्याला दोरा धरून कापलेल्या. एक पट्टी पुढच्या फळीच्या वरून येऊन फटीतून मागच्या फळीच्या खाली जाते. शेजारची पट्टी खालून येऊन वर जाते. पुन्हा एक वरून, एक खालून. दोन फळ्या एकमेकींना घट्ट धरून बसतात आणि तरी दोन्ही बाजूंना मोकळ्या वळतात. मध्ये खिळा नाही, तार नाही, घासायला काहीच नाही, म्हणून झिजायलाही काही नाही. मी इंजिनिअर आहे हो, कागदावर मला हे समजत होतं. पण त्यांच्या बोटांतून ते होताना मी कुंपणावर वाकून बघतच राहिलो. फटीच्या कडेला त्यांनी आधी मेणबत्तीचं मेण घासलं. मी कारण विचारलं, तर म्हणाले, जिथे वळायचं तिथे चिकटवायचं नसतं, तुझं तिथेच चुकलं. जुन्या टूथब्रशचा दांडा घासून गुळगुळीत केला होता, त्याने पट्टी घोटायचे. एकदा, हलक्या हाताने. दुसऱ्यांदा घोटलेली मी पाहिली नाही.

आणि दिवसाला एकच. घाई करायची नाही. आज लावलेली उद्यापर्यंत वाळणार, उद्या ती दोनशे वेळा उघडून मिटून पाहायची, मोजून, आणि मगच पुढची. मी वर्क फ्रॉम होममध्ये कॉलवर असायचो आणि कुंपणाकडून बारीक आवाजात आकडे ऐकू यायचे. एकदा माझ्या मॅनेजरने विचारलं, यतिन, हू इज काउंटिंग? मी सांगितलं, क्वालिटी कंट्रोल.

सहावी बिजागरी वाळत होती तेव्हा काकांच्या भाच्याचा, भास्करचा, फोन आला. काकूंना कोरोना झाला होता, हॉस्पिटलमध्ये ऑक्सिजनवर ठेवलं होतं.

एप्रिलअखेरचे ते दिवस आठवा. भारताची विमानं बंद. गुरुदत्तने त्याच्या लॅपटॉपवर शोधलं, मी माझ्या लॅपटॉपवर शोधलं. ज्या लॅपटॉपवर मी एका मिनिटात तारीख पुढे ढकलली होती, त्यावर मला आता एक आसन मिळेना. मी रात्रंदिवस तेच करत होतो असं म्हटलं तर खोटं होईल, पण माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

भास्कर रोज सकाळी डॉक्टरांना भेटायचा आणि फोन करायचा. इथे तेव्हा दुपारचे दोन वाजलेले असायचे. काका दोनला टेबलाशी बसलेले असायचे, फोन शेजारी. फोन यायचा, ते ऐकायचे, हं म्हणायचे, ठेवायचे. मला सांगायचे, आज थोडं बरं आहे, किंवा आज तसंच आहे. आणि मग पट्टी उचलायचे. मला वाटायचं, ते आता बिजागऱ्या सोडून देतील. मी तसं सुचवलंही. ते म्हणाले, काम हातात घेतलंय. सातवी झाली. आठवी झाली. बारावी झाली. बारावी वाळत होती त्या दिवशी फोन दोनला आला नाही, अकरालाच आला.

काकांनी अंत्यसंस्कार फोनवर पाहिले. घरात त्रिसरण-पंचशील म्हटलं गेलं, आपल्यापैकी बरेच जण होते. मी सगळ्यात मागे, दारापाशी उभा होतो. सांगायची वेळ ती होती. मी चपला घालून घरी आलो.

चौथ्या दिवशी दुपारी खिडकीतून पाहिलं तर काका टेबलाशी येऊन बसले होते. मी कॉल सोडून बाहेर गेलो. टेबलापाशी जाऊन उभा राहिलो. तेच म्हणाले, “दोन वाजले की फोनकडे बघत बसतो. शेपटी आण.”

मी आणली. त्यांनी तेरावी पट्टी कापली. सभाजनहो, मी तिथे उभा राहून त्यांचे हात पाहत होतो. मला वाटत होतं, आज पट्टी तिरकी जाईल, आणि गेली तरी मी तिला कधी हात लावणार नाही. पट्टी तिरकी गेली नाही. मेण घासलं, पट्टी ओढली, एकदा घोटली. दुसऱ्या दिवशी मोजून दोनशे. असे पाच दिवस. ज्याने तारीख बदलली त्याच माणसाच्या खेळण्यातल्या विमानासाठी हा माणूस बसून मोजत होता. एकशे अठ्ठ्याण्णव, एकशे नव्व्याण्णव, दोनशे. मी घरात जाऊन भावनाजवळ रडलो. तिला म्हटलं, हे काय आहे, हे मला पेलत नाही.

पुढे जूनमध्ये आपला तो लांबलचक लॉकडाउन लागला. पाच किलोमीटरची हद्द, पोलीस, हेलिकॉप्टर, सगळं आपल्याच भागात. विमान माझ्या गॅरेजमध्ये टांगलेलं. मी रोज त्या बिजागऱ्यांवरून बोट फिरवायचो. कुठल्या बारा आधीच्या आणि कुठल्या पाच नंतरच्या, हे मी शोधत होतो. मला आजही ओळखता येत नाही. लॉकडाउन उठल्यावर केनला मी काकूंच्या आधीच्या बारा आणि नंतरच्या पाच एवढंच सांगून विमान दाखवलं. पन्नास वर्षं विमानं बांधणारा माणूस, त्याने चष्मा चढवला, उतरवला, भिंग मागितलं. मग म्हणाला, “मेट, आय कान्ट टेल.” आणि पुन्हा पहिल्या बिजागरीपासून बघायला लागला. केनला ओळखणारे जाणतात की ही घटना दुर्मीळ आहे.

नोव्हेंबरात मैदान उघडलं. काका घडीच्या खुर्चीवर टोपी घालून बसले. वारा होता. विमान गवतावरून धावलं, मी रिमोटची काडी मागे ओढली, आणि शेपटीची ती फळी लंगोटाच्या पट्ट्यांवर वर वळली आणि विमान उचललं गेलं. इतकं हलकं की मला वाटलं मी काही केलंच नाही. मी वळवलं, वळलं. गिरकी घ्यायला लावली, घेतली. मी सोळा वर्षं विमानं उडवतोय, असा शब्द पाळणारं विमान मी उडवलं नव्हतं. क्लबातले लोक आपापली कामं सोडून आभाळाकडे बघत उभे राहिले. उतरल्यावर काकांनी शेपटी मांडीवर घेतली आणि एकेक बिजागरी वाकवून पाहिली. केनने विचारलं, या किती वर्षं टिकतील. काका म्हणाले, माझी रजिस्टरं तीस वर्षं उघडताहेत, आणि ती तर मास्तर लोक उघडतात.

सुहासिनीताई घड्याळ दाखवताहेत. माझी दहा मिनिटं केव्हाच संपली. मला आता तेवढं एकच बोलायचंय.

काका, त्या संध्याकाळी मला काही माहीत नव्हतं आणि मी माहीत असल्यासारखं बोललो. तारीख मी बदलली. तुम्ही त्या विमानाने गेला असता तर वर्षभर काकूंजवळ असता. त्या आजारी पडल्या तेव्हा हॉस्पिटलच्या दारात तुम्ही असता, भास्कर नव्हे. हे मी तुम्हाला कधी म्हटलं नाही. कुंपणाशी रोज उभा राहिलो आणि म्हटलं नाही. आज या सगळ्यांसमोर तुमची माफी मागतो.

काका, उठू नका. बसा. हृषीकेश, जरा हात दे त्यांना. माइक देऊ का? नको म्हणताहेत. बरं, बोला.

...

मागच्या रांगांना ऐकू गेलं नसेल. ऐकू जावं असं त्यांना वाटतंय, म्हणून काका जे म्हणाले ते जसंच्या तसं सांगतो.

काका म्हणाले, “भरलेली बॅग मी त्या दिवशी दुपारीच रिकामी केली होती. नातीला मांडीवर घेतलं आणि जायचं मनच होईना. गंगूला फोन करून सांगितलं, शेजारचे यतिन सरकारात आहेत, ते म्हणताहेत थांबा. तेव्हा तुला कुणी विचारलंही नव्हतं. तू संध्याकाळी म्हणालास. मी तुझं नाव दुपारीच घेतलं होतं.”

ते पुढे म्हणाले की हे त्यांनी गुरुदत्तलाही सांगितलेलं नव्हतं. आणि काकूंना खरं काय ते सांगायचं राहून गेलं.

माझ्या कागदावर आता सत्काराचा परिच्छेद आहे, शाल आणि श्रीफळ वगैरे. तो मला वाचता येणार नाही. शाल सुहासिनीताई घालतील. एवढंच म्हणतो की मी पाहिलेल्या माणसांत यांच्याएवढा मोठा माणूस नाही, आणि आत्ता त्यांनी जे सांगितलं त्याने तो तसूभरही कमी झालेला नाही.

आपण सगळे वेळ काढून आलात, केन एवढ्या लांबून आला, चहा-सामोसे करणाऱ्या मंडळींनी सकाळपासून कष्ट घेतले, अध्यक्षांनी मला वेळेवर थांबवलं नाही, या सगळ्यांचे मनापासून आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, कुणाचा उल्लेख राहिला असेल, तर सभेने ते पोटात घालावं, ही हात जोडून विनंती.

आणि काका, कोल्हापुरात गेल्यावर लोक विचारतील. काकूंची माणसं विचारतील, तुम्ही का थांबलात म्हणून. तेव्हा खुशाल माझं नाव सांगा.